शेरा

तपासणी सोमवारी. रविवारी दुपारीच मी शाखेचं कुलूप काढलं.
वेंगुर्ल्याच्या बंदर रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्यासमोर,
वर आमची पाटी, खाली जाळ्यांचं दुकान.
नायलॉनचा वास जिन्यापर्यंत येतो
आणि तिथेच थांबतो, लाजऱ्या ग्राहकासारखा.

नियामकाने मागितलंय : कंपनीची पार्श्वभूमी, दोन परिच्छेदांत.
मुख्यालयाचा मसुदा आलाच आहे,
‘शंभर वर्षांचा विश्वास, अकरा राज्यांत जाळं.’
जाळं हा शब्द इथे जपून वापरावा.
गाबीतवाड्यात लगेच विचारतील, आस केवढी?

मी लिहिते :
तीन व्यापाऱ्यांनी एका वखारीत बसून
कौलं वाहणाऱ्या फतेमाऱ्यांसाठी
प्रत्येकी पाच हजार बाजूला ठेवले.
ज्याची बुडेल त्याला द्यायचे.
पहिली दोन वर्षं कुणाचीच बुडाली नाही,
म्हणून त्यांना वाटलं, हा धंदा आहे.

मग दीडपटीचा तक्ता.
देणं जेवढं, त्याच्या दीडपट गाठीशी हवं;
चौघं जेवायला येणार तर सहांचा भात.
एवढं मला समजतं.
बाकीचे रकाने मी मुकाट भरते.

कपाटात तळाशी जुनी दावेवही, पुठ्ठ्याला कसर लागलेली.
भास्कर केळुसकर, कारकून. अक्षर वाऱ्यावरच्या शिडासारखं कललेलं.
पान चौसष्ट :
‘निवतीच्या खडकांवर फतेमारी फुटली.
मी स्वतः पाहिले. रुपये अकराशे अदा.’
पंचनामा नाही, फोटो नाही, चौदा कागद नाहीत.
वाटलं, पट्टनायक साहेबांपुढे हेच पान उघडावं.
म्हणावं, बघा, एका वाक्यावर भागायचं.

पान उलटलं.
‘खलाशी पावलू फर्नांडिस, त्याच वादळात बेपत्ता.
बायको नातालीन आली होती.
मृत्यू मी पाहिला नाही. नामंजूर.’
पुढल्या वर्षी, त्याच शाईत,
‘बाई पुन्हा आली. बसवून ठेवले. उत्तर दिले नाही.’
त्यानंतर ती वहीत येत नाही.

समोर बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं.
मी परिपत्रक पुन्हा काढलं, बेचाळीस पानांचं,
तीन महिने ज्याला मी शिव्या घालत होते.
नकार द्यायचा तर लेखी. कारणासहित.
दावेदाराला कळेल अशा भाषेत, मुदतीच्या आत,
आणि दाद कुठे मागायची, तो पत्ता खाली.
हे कलम कुठल्या शहरात, कुणी लिहिलं, ठाऊक नाही.
पण त्यालाही कधीतरी कुणीतरी
बाकावर बसवून ठेवलं असणार.

टेबलावर एकच फाईल उघडी. सत्यभामा गिरप, होडी बेपत्ता.
रात्र एकतीस जुलैची, मासेमारी बंदीची शेवटची.
होडी दर्यात नेली असेल तर छदामही नाही.
बांधलेली सुटली असेल तर पूर्ण रक्कम.
सत्यभामा म्हणते, ‘दर्यात खय गेल्ली? दोर तुटलो.’
सर्व्हेअर लिहितो, दोर सोडलेला वाटतो.
वाटतो.
आज एकोणतिसावा दिवस.

शेऱ्याचा रकाना तीन बोटं रुंद आहे.
पेन टेकवलं तिथे शाईचा ठिपका झाला,
तो टिपून घेतला, आणि सर्व्हेअरला फोन लावला.
तो जेवून आडवा झाला होता.
म्हटलं, उद्या सकाळी सातला ओहोटी.
खांबाला दोराचं टोक अजून असेल.
तुटलेल्या दोराला पिंजर सुटते, सोडलेल्याला नाही,
एवढं खालच्या दुकानातला पोरगाही सांगतो.
मला घेऊन चला.

तो म्हणाला, मॅडम, साहेब दहाला येतायत.
म्हटलं, येऊ देत.
चपला हातात घ्यायला लागतील, चिखल आहे.